पाण्यातून न निघालेले पाय

भादव्यात तरण तलावाचं पाणी सकाळीच कोमट लागायचं. साहेबराव साळवे त्या पाण्यात छातीपर्यंत उभे असायचे, दोन्ही तळहात पाण्याखाली पसरून, आणि त्या तळहातांवर कुणीतरी आडवं झालेलं असायचं. कधी निवृत्त तलाठी, कधी बँकेतून नुकतेच बाहेर पडलेले साहेब, कधी नातवंडं मोठी झाल्यावर हात मोकळे झालेली एखादी बाई. साहेबरावांची सगळी नोकरी महापालिकेत जीवरक्षक म्हणून गेली होती. निवृत्तीनंतर ते सिडकोतल्या या तलावावर उतारवयातल्या माणसांना पोहायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"हात कधी काढला ते मी सांगणार नाय," ते म्हणायचे. "तुम्ही फक्त आभाळ बघा."

बहुतेकांना ते जमायचं. गोजरबाईंना जमत नव्हतं. त्या बिडकीनच्या. मालक गेल्यावर लेकाकडे शहरात राहायला आल्या होत्या. साठी उलटली होती, पण पाण्यावर पडून राहायचं एवढी एकच इच्छा धरून त्या रोज यायच्या. आडव्या झाल्या की मास्तरांचं मनगट धरायच्या ते सोडायच्याच नाहीत.

"सोडा म्हणलं तर हात ऐकत नाय माझं," त्या म्हणायच्या. मास्तर हसायचे. त्यांना घाई नव्हती.

अशाच एका सकाळी शिकवणी संपवून ते पायऱ्या चढून वर आले, अंग पुसलं, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागले, तर पाय अजून पाण्यातच आहेत असं त्यांना वाटलं. पाऊल टाकलं की ते आधी थोडं तरंगायचं आणि मग सावकाश खाली टेकायचं. डांबर पायाखाली किंचित दबतंय असं वाटायचं, तळाशी बसलेल्या गाळासारखं. ते थांबले. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. सगळं आयुष्य पाण्यात गेलं, आता पाणीच आपल्याला सोडेना, असं मनाशी म्हणत ते स्कूटरवर बसले आणि भावसिंगपुऱ्यातल्या घरी आले.

पुढचे काही दिवस असेच गेले. शहर सगळं पाण्याखालून बघावं तसं दिसायचं. मकबऱ्याच्या बाजूनं येताना घुमट उन्हात हलायचा. भाजीवाल्याची हाळी लांबून, जाड होऊन कानावर यायची. दुपारी जेवण झालं की त्यांना गाढ झोप लागायची आणि झोपेत देवगाव रंगारीची विहीर यायची. तिथंच ते पोहायला शिकले होते, पाठीला वाळका भोपळा बांधून. वडील काठावर दोर धरून उभे असायचे. स्वप्नात वडिलांचा चेहरा दिसायचा नाही. नुसता दोर दिसायचा, हिरव्या पाण्यातून वर गेलेला, आणि तो हळूहळू सैल होत जायचा. बुडायची भीती वाटायची नाही. उलट फार निवांत वाटायचं. जाग यायची तेव्हा मात्र मांड्या ठणकत असायच्या, खांदे भरून आलेले असायचे, जसं काही खरंच सगळी दुपार पोहण्यात गेली.

"अहो, जिना चढताना कठडा धरायला लागलात तुम्ही," करुणाबाई एकदा म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी त्यांची नजर वर्गावरून फिरावी तशीच घरावरून फिरायची.

"वय झालं की," साहेबराव म्हणाले.

"परवापर्यंत नव्हतं झालेलं."

बोलण्यासारखं एक होतं, पण ते त्यांना बायकोला सांगायचं नव्हतं.

झालं होतं असं. उन्हाळ्यापासून त्यांना जांघेत नायटा झाला होता. दिवसभर ओले कपडे अंगावर, वर घाम. खाजवून जीव नकोसा व्हायचा. या वयात, शिकवायला बायाबापड्या समोर असताना, मास्तरांना असली खाज, याची त्यांना लाज वाटायची. गुपचूप ते चौकातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी, शुगर काही?" ते म्हणाले, "नाय." ते खरंच होतं. बीपीही नव्हतं आणि शुगरही नव्हती. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन स्टेंट बसला होता आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळीबरोबर कोलेस्टेरॉल कमी करायची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची गोळी रोज रात्री चालू होती, हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. छातीचं दुखणं वेगळं, मांडीचं वेगळं. कातडीच्या डॉक्टरला काळजाचं काय सांगायचं?

डॉक्टरांनी मलम दिलं आणि बुरशीवरची कॅप्सूल दिली, इट्राकोनॅझोल. गुण आला. गोळ्या संपल्यावर खाज पुन्हा थोडी डोकावली, तेव्हा साहेबरावांनी रिकामं पाकीट दुसऱ्याच दुकानात दाखवलं आणि त्याच कॅप्सूल आणखी आणल्या. त्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या असायच्या. सकाळी पाण्यात उतरण्याआधी एक. रात्री घरी करुणाबाईंच्या समोर काळजाची एक. दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या पोटात जात होत्या, पण दोन्हींबद्दल माहीत असलेला माणूस एकटा साहेबराव होता आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मग तो दिवस आला. आभाळ भरून होतं, वारा पडलेला होता, तलावाचं पाणी शिशासारखं. गोजरबाई मनगट धरून आडव्या झाल्या आणि साहेबरावांना त्यांचं वजन पेलेना. पाण्यात माणसाला वजन असतं तरी किती. त्यांनी तोल सावरला, म्हणाले, "आज इथंच थांबू." बाकीचे वर गेले. साहेबराव शेवटी शिडीपाशी आले. दोन्ही हातांनी दांडे धरले, पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि स्वतःला वर ओढलं.

काहीच झालं नाही.

हात ओढत नव्हते. मांडी उचलत नव्हती. या हातांनी त्यांनी कितीतरी माणसं पाण्याबाहेर काढली होती. एकदा तर हर्सूलच्या तलावातून एका धिप्पाड गड्याला केसाला धरून आणलं होतं. आणि आता स्वतःचं अंग त्यांना पाण्याबाहेर काढता येईना. भीती वाटायला हवी होती, पण तेव्हाही मन शांतच होतं. दोर सैल झालाय, एवढंच त्यांच्या मनात आलं. डोळे मिटावेसे वाटले.

"मास्तर, काय झालं?"

गोजरबाई वर गेल्या नव्हत्या. कठड्याची नळी धरून त्या पाण्यातच उभ्या होत्या.

"पाय निघंना," साहेबराव म्हणाले.

गोजरबाईंनी नळी सोडली. आजवर पाण्यात काही ना काही धरल्याशिवाय त्या कधी राहिल्या नव्हत्या. छातीभर पाण्यातून एकट्या चालत त्या शिडीपाशी आल्या, मास्तरांच्या पाठीला खांदा लावला आणि वरच्यांना हाक मारली, शेतात लांबच्या गड्याला मारतात तशी. वरून लोक धावले. काखेत हात घालून त्यांनी साहेबरावांना काठावर घेतलं. तिथल्या मोरीत ते बसूनच लघवीला गेले तेव्हा त्यांना दिसलं, लघवी काळ्या चहासारखी होती.

दवाखान्यात त्यांना तपासलं ते डॉक्टर अपेक्षा यांनी. वय फार नसेल, आवाज हळू. त्यांनी मांड्या दाबून पाहिल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. साहेबरावांना उठता आलं नाही. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. काही वेळानं त्या कागद घेऊन परत आल्या आणि स्टूल ओढून पलंगाजवळ बसल्या.

"काका, तुमचे स्नायू झिजताहेत. झिजलेलं ते सगळं रक्तात उतरतंय आणि किडनीवर त्याचा भार येतोय. लघवी म्हणून तशी झाली. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी मी आत्तापासून बंद करतेय. पण ती तर दोन वर्षं नीट चालली होती. हल्ली काही नवीन घेतलंत? ताप, खोकला, आयुर्वेदिक, काहीही?"

"नाय," साहेबराव म्हणाले.

"नक्की?"

ते करुणाबाईंकडे बघेनात. छताकडे बघत राहिले. पंखा फार सावकाश फिरत होता.

करुणाबाईंनी पदर सारखा केला. "सांगा ना त्यांना," त्या म्हणाल्या. "मलमाच्या ट्यूबा गाडीच्या डिकीत असतात ते मला माहीत आहे. कपडे मी धुते तुमचे. कधीपासून कळलंय मला."

साहेबरावांनी डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. नायटा, दवाखाना, कॅप्सूल, दुसऱ्या दुकानातून आणलेल्या पुढच्या कॅप्सूल. डॉक्टरांनी मधे अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "लपवण्यासारखं काहीच नव्हतं काका. या दिवसांत अर्ध्या शहराला आहे ते."

मग त्यांनी समजावलं. कोलेस्टेरॉलची ती गोळी आपलं काम करते आणि यकृत तिला मोडून बाहेर काढून टाकतं. बुरशीची कॅप्सूल यकृताचं तेच काम अडवून धरते. म्हणजे कालची गोळी अंगातून जायच्या आत आजची, आजची जायच्या आत उद्याची. "तुम्ही रोज एकच घेत होतात. अंगात साठत मात्र कितीतरी होत्या. तेवढ्यानं स्नायूंना इजा होते. एकेकटी दोन्ही औषधं चांगलीच आहेत. दोघींची गाठ वाईट पडली."

"म्हंजे चूक कुणाची?" साहेबरावांनी विचारलं.

"आधी किडनी वाचवू," डॉक्टर अपेक्षा म्हणाल्या आणि सलाईनची धार वाढवून गेल्या.

पुढचे दिवस साहेबरावांना नीट आठवत नाहीत. पाणीच पाणी होतं. थेंबथेंब नळीतून अंगात उतरणारं, आणि बाजूला मोजून ठेवलं जाणारं. परिचारिका येऊन ते भांडं उजेडाकडे धरून बघायच्या. काळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं पिवळसर. अर्धवट झोपेत त्यांना वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी आहोत आणि वरून कुणीतरी गढूळ पाणी उपसतंय, आणि तळ हळूहळू दिसू लागलाय. खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर हलायचा. त्या उजेडात करुणाबाई संत्रं सोलत बसलेल्या असायच्या. कधी त्या तरुण दिसायच्या, गंगापूरच्या त्यांच्या पहिल्या शाळेत होत्या तेवढ्या. ते विचारायचे, "जीप मिळाली का यायला?" आणि त्या म्हणायच्या, "मिळाली. झोपा."

किडनी सावरली. मशीन लावायची वेळ आली नाही. एका दुपारी गोजरबाई भेटायला आल्या, पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेऊन. पलंगाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मी पडले पाण्यावर. काल."

"कुणी धरलं व्हतं?"

"कुणीच नाय. तुम्ही नव्हता ना, मग मनगट कुणाचं धरू. सोडून दिलं अंग." त्यांनी शेंगांची पिशवी खाली ठेवली. "लई आभाळ असतं वो वर."

साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. हात अजून तेवढा उचलत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी करुणाबाईंना एकच गोष्ट सांगितली. "ती काळजाची गोळी आता घरात नको."

सुरुवातीला तसा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनीच ती बंद ठेवली होती. नायट्यासाठी आधी नुसतं मलम दिलं आणि ते पुरेना तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून दुसऱ्या जातीचं औषध ठरवलं, जे यकृताचं ते काम अडवत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी स्वतः साहेबरावांना फोन केला. "मी अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते," ते म्हणाले. "आणि मी सांगायला पाहिजे व्हतं," साहेबराव म्हणाले. मग मलम कसं लावायचं ते दोघं बोलले.

पायांत बळ येऊ लागलं. आधी खुर्चीवरून उठणं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग जिना. पाऊल टाकलं की ते सरळ जमिनीवर पडायचं. ते तरंगणं गेलं, आणि साहेबरावांना ते गेल्याची मधूनच हुरहुर वाटायची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी डॉक्टर अपेक्षांनी पुन्हा रक्त तपासलं. सगळं जागेवर आलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी नवी गोळी लिहून दिली, त्याच कामाची, पण अंगातून वेगळ्या वाटेनं जाणारी, आणि अगदी कमी मात्रेची. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त बघायचं, आणि मध्ये मांड्या दुखल्या किंवा लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबवून लगेच यायचं, असं ठरलं. साहेबरावांनी पाकीट घेतलं, घरी आणलं, आणि ते टीव्हीच्या मागं पडून राहिलं.

दुपारी दोघं गच्चीवर बसले होते. करुणाबाई पोह्याचे पापड उलटत होत्या. गोगाबाबाची टेकडी धुरकट उन्हात अर्धी विरघळलेली. पतंग नव्हते, पाखरं नव्हती, सगळं कसं थांबल्यासारखं.

"गोळी तशीच आहे," करुणाबाई म्हणाल्या.

"राहू दे. एकदा मोडलं अंग. आता पुन्हा नाय."

"बरं."

त्या पापड उलटत राहिल्या. मग न थांबता, खाली बघतच बोलू लागल्या. "स्टेंट बसला त्या दिवसाचं तुम्ही मला कधी विचारलं नाही."

"काय विचारायचं? मी तर आत व्हतो."

"मी बाहेर होते. तुमच्या चपला त्यांनी माझ्याकडे दिल्या. पिशवीत घातल्या मी. एक बाई शेजारी येऊन बसली. तिच्याही मांडीवर तशीच पिशवी. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग तिला आत बोलावलं, आणि ती बाहेर आली तेव्हा तिची पिशवी तिथंच बाकावर राहिली. ती तशीच निघून गेली. मी हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. मी त्या पिशवीकडे बघत बसले. तुम्हाला बाहेर आणेपर्यंत दोन्ही पिशव्या माझ्याजवळ होत्या."

साहेबराव त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

"स्नायू मोडलेले भरून येतात. आले ना?" करुणाबाई म्हणाल्या. "ते दुसरं भरून येत नाही. मला पुन्हा त्या बाकावर बसवू नका. एवढंच."

खालून कुणाच्या तरी घरी चिवड्याला फोडणी बसल्याचा वास आला. साहेबराव उठले, जिना उतरले, कठडा न धरता. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाकीट आणि पाण्याचा तांब्या होता.

"रात्रीची आहे ती," करुणाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणल्या, ही कधीबी चालती," साहेबराव म्हणाले आणि गोळी घेतली.

त्यानंतर काही विशेष घडलं नाही. रक्ताचा कागद चांगला आला. मास्तर पुन्हा तलावावर जाऊ लागले, आधी काठावर खुर्ची टाकून, मग पाण्यात.

मार्गशीर्षात चुलत भावाच्या घरभरणीला दोघं देवगाव रंगारीला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. धुळीनं आणि थंडीनं साहेबरावांना खोकला धरला, अंग तापलं. भाऊ त्यांना गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर बायाबाप्ये दाटीनं बसलेले. डॉक्टर पोरसवदाच होते. छाती ऐकून त्यांनी लिहायला पेन उचललं.

"थांबा साहेब," साहेबराव म्हणाले. "आधी माझं ऐका. दोन वर्सांमागं स्टेंट बसलाय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. कोलेस्टेरॉलची चालू आहे, हे बघा तिचं पाकीट. आधी दुसरी व्हती, ती आन् नायट्याची कॅप्सूल एकत्र झाली आन् अंगातलं बळ गेलं. नायटा जांघेत व्हता. आता बरा हाये."

बाकावरचे सगळे ऐकत होते. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. करुणाबाई दाराकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "जे लिहिणार होतो ते राहू दे. तुमच्या गोळ्यांशी भांडणार नाही असं देतो." त्यांनी दुसरं नाव लिहिलं आणि पाकीट परत केलं.

हसलेली म्हातारी पुढं सरकली. "बाबा, मलाबी ती कोलेस्टेरॉलचीच हाये का बघ बरं," ती म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून चुरगळलेलं पाकीट काढून साहेबरावांच्या हातात दिलं.

"माझ्याकडं नाय आजी, त्यांच्याकडं द्या," साहेबरावांनी डॉक्टरांकडे हात केला आणि तिच्यासाठी बाकावरची आपली जागा सोडली.

बाहेर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडीला वेळ होता, म्हणून दोघं फाट्यापर्यंत चालत निघाले. दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली. वेचणी अर्धी झालेली, अर्धी राहिलेली, त्यामुळे रान ढगांत बुडाल्यासारखं दिसत होतं.

"सगळ्या गावासमोर सांगायची काय गरज होती?" करुणाबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या.

"ऐकू दे की."

रस्ता मऊ मातीचा होता, चाकोरी पडलेली. साहेबराव एका चाकोरीतून चालत होते, करुणाबाई दुसरीतून. थोडं पुढं गेल्यावर करुणाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली, आणि तो हात मग तिथंच राहू दिला.